घरचा आहेर

लढाया, तह आणि राज्याभिषेक यांची इतिहासात नोंद होते. जेवताना कोणाच्या तोंडाचा आवाज होत होता, याची सहसा होत नाही. एक अपवाद मात्र मला ठाऊक आहे, आणि तो साडेचारशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिला आहे. इटलीतील व्हेनिस शहरी १५५८ साली छापलेल्या एका छोट्या पुस्तकात, रिच्चार्दो नावाच्या एका सरदाराच्या मचमच करीत जेवण्याची हकीकत लिहून ठेवलेली आहे. पुस्तकाचे नाव ‘गालातेओ’. त्याचा लेखक जोव्हान्नी देल्ला कासा हा धर्माधिकारी होता, कवी होता आणि पोपचा वकील म्हणून व्हेनिसच्या दरबारी राहिलेला मुत्सद्दी होता. आपले पुस्तक छापून आलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १५५६ मध्येच तो वारला. पण पुस्तकाचे नशीब असे थोर, की आजही इटालियन भाषेत ‘गालातेओ’ हा शब्द शिष्टाचार या अर्थाने वापरला जातो.

त्या हकीकतीची आठवण मला होते ती एका अगदी घरगुती प्रश्नामुळे. आपल्याबरोबर रोज काम करणाऱ्या, रोज शेजारी बसून डबा खाणाऱ्या माणसाची जेवण्याची रीत बरी नसेल, तर ते त्याला सांगावे की सांगू नये? प्रश्न क्षुल्लक वाटतो खरा. परंतु ज्यांनी कचेरीत तीस-पस्तीस वर्षे काढली आहेत, त्यांना विचारून पाहा. पगारवाढीवरून झालेली भांडणे विसरली जातात. शेजारच्या खुर्चीवरून येणारा मचमच आवाज मात्र माणूस निवृत्त झाल्यावरही विसरत नाही. आणि ज्याचा तो आवाज असतो त्याला बिचाऱ्याला मात्र पुष्कळदा शेवटपर्यंत पत्ता लागत नाही, की आपल्या आसपासची मंडळी एकेक करून दुसऱ्या टेबलाकडे का सरकली.

तर आधी ती इटालियन हकीकत ऐका.

वेरोना शहरी जोव्हान्नी मात्तेओ जिबेर्ती नावाचे बिशप होते. १५२४ पासून १५४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्या गादीवर होते. विद्वानांचा मोठा गोतावळा त्यांच्या वाड्यात असे आणि आल्यागेल्याचा पाहुणचार मनापासून होई. एकदा हा सरदार रिच्चार्दो तेथे पाहुणा म्हणून उतरला आणि काही दिवस राहिला. माणूस मोठा लाघवी, बोलण्याचालण्यात कोठे खोट नाही. वाड्यातली मंडळी त्याच्यावर खूष होती. खोट होती ती एकच. जेवायला बसला की ओठांची आणि तोंडाची काही विचित्र हालचाल तो करी आणि चावताना कानाला नको वाटेल असा आवाज होई.

बिशपांनी घरच्या मंडळींशी सल्लामसलत केली. न सांगता पाहुण्याला तसेच जाऊ द्यावे, तर त्याचे व्यंग त्याच्या पाठीशी जन्मभर राहणार. सांगावे, तर त्याच्या मनाला लागणार. शेवटी सांगायचे ठरले. सरदार निरोप घेऊन निघाला तेव्हा बिशपांनी आपल्या पदरच्या एका वयोवृद्ध, विद्वान आणि गोड बोलणाऱ्या गृहस्थाला घोड्यावर बसवून त्याच्याबरोबर पोचवायला धाडले. या गृहस्थाचे नाव गालातेओ. गालेआत्सो फ्लोरिमोन्ते या खऱ्याखुऱ्या धर्मोपदेशकावरून हे पात्र घेतलेले आहे, आणि पुस्तक लिहिण्याची गळ लेखकाला त्यांनीच घातली होती, म्हणून पुस्तकालाही त्यांचेच नाव मिळाले.

दोघे घोडी जोडीने चालवीत, इकडच्या तिकडच्या गोष्टी करीत बरेच अंतर गेले. परत फिरायची वेळ झाली तेव्हा गालातेओने हसतमुखाने सांगितले, की बिशपमहाराजांनी तुमच्यासाठी एक भेट पाठवली आहे. तुमच्यासारखा सुशील सरदार त्यांनी क्वचितच पाहिला; तुमचे सारे वागणे त्यांनी बारकाईने पाहिले आणि ते त्यांना फार आवडले. एक तेवढी गोष्ट सोडून. मग ती गोष्ट त्याने स्पष्ट सांगितली, आणि वर हेही सांगितले, की ही भेट तुम्हांला दुसरे कोणी देईल असे बिशपमहाराजांना वाटत नाही.

सरदाराला आपल्या या सवयीची त्या क्षणापर्यंत कल्पनाच नव्हती. त्याचा चेहरा लाल झाला. पण तो खानदानी माणूस होता. स्वतःला सावरून तो अशा अर्थाचे बोलला, की माणसे एकमेकांना देतात त्या सगळ्या भेटी जर अशा असत्या, तर जग आहे त्याहून पुष्कळ श्रीमंत झाले असते. बिशपांचे त्याने आभार मानले, यापुढे जपून वागण्याचे वचन दिले आणि घोड्याला टाच मारली.

मला या हकीकतीत सर्वांत आवडतो तो ‘भेट’ हा शब्द. आपल्या मराठीत घरच्याच माणसाने केलेल्या टीकेला आपण ‘घरचा आहेर’ म्हणतो. म्हणताना आपला सूर थोडा उपरोधाचा असतो. वेरोनाच्या त्या वाड्यात मात्र तो आहेर खरोखरीचा होता. तो कसा दिला गेला, हे नीट पाहण्यासारखे आहे. तो जेवणाच्या टेबलावर दिला गेला नाही. चारचौघांत दिला गेला नाही. स्वतः यजमानाने दिला नाही. कारण यजमानाच्या तोंडून ते शब्द आले असते तर खाल्लेले अन्न पाहुण्याच्या अंगी लागले नसते. ज्याला बोलण्याची हातोटी आहे असा वडीलधारा माणूस निवडला. आडमार्गाला, दोघेच असताना, आणि लगेच निरोप घ्यायचा आहे अशा वेळी त्याने ते सांगितले, म्हणजे ओशाळलेल्या माणसाला पुन्हा त्याच पंगतीत त्याच तोंडांसमोर बसावे लागू नये. एवढा सारा विचार एका माणसाच्या मचमचीसाठी! आपण कचेरीत एखाद्याला बोल लावताना याच्या दशांश तरी विचार करतो का?

हाच उपदेश या पुस्तकाच्या अठ्ठावीस वर्षे आधी आणखी एका मोठ्या माणसाने करून ठेवला होता. हॉलंडचा थोर पंडित इरॅस्मस याने १५३० साली मुलांच्या शिष्टाचारावर एक लॅटिन पुस्तिका लिहिली. एका सरदारपुत्राला ती अर्पण केलेली आहे. त्या काळी युरोपात बहुतेक ठिकाणी जेवायला काटे नव्हते. सरदारसुद्धा हातानेच जेवत. म्हणून इरॅस्मस मुलांना सांगतो, की तेलकट बोटे चाटू नका, ती अंगरख्याला पुसू नका, कुत्र्यासारखी हाडे चघळत बसू नका. पुस्तिका हातोहात खपली. दोन वर्षांत तिचे इंग्रजी भाषांतरही निघाले. पण शेकडो बारीकसारीक नियम सांगून झाल्यावर शेवटी इरॅस्मस जे म्हणतो ते या सर्व नियमांहून मोलाचे आहे. त्याचा आशय असा, की आपण स्वतः चुकू नये आणि दुसऱ्याच्या चुका मात्र सहज पोटात घालाव्यात, हाच शिष्टाचाराचा सर्वांत मोठा भाग. सोबत्याच्या रीतीभाती ओबडधोबड असल्या म्हणून त्याच्यावरचे प्रेम कमी होऊ देऊ नये. आणि अजाणतेपणी त्याच्या हातून काही महत्त्वाची चूक होत असेल, तर ती त्याला एकट्याला गाठून गोडीने सांगावी.

म्हणजे या दोन्ही ग्रंथकारांचा कौल ‘सांगावे’ असाच पडतो. पण सांगण्यापूर्वी आणखी एक शंका मनात यायला हवी. ज्याला आपण दोष म्हणतो तो दोष आहेच, हे कशावरून?

टॉमस कोरयॅट नावाचा एक विक्षिप्त इंग्रज १६०८ साली युरोपभर भटकून आला. इटलीत त्याला जेवणाच्या टेबलावर काटा दिसला. सगळ्यांची बोटे काही सारखी स्वच्छ नसतात, तेव्हा ताटातल्या मांसाला कोणी बोट लावलेले तिथल्या लोकांना खपत नाही, असे कारण त्याने आपल्या १६११ सालच्या प्रवासवर्णनात दिले आहे. त्याला ती तऱ्हा आवडली आणि घरी परतल्यावर तो काट्याने जेवू लागला. झाले! मित्रांनी त्याची टर उडवली. एका मित्राने तर त्याला लॅटिनमध्ये ‘फुर्किफेर’ म्हटले. त्याचा शब्दशः अर्थ काटा बाळगणारा, आणि प्रचारातला अर्थ फासावर देण्याजोगा बदमाष. ज्या इंग्रजांनी पुढे सगळ्या जगाला काट्या-चमच्याचे धडे दिले, त्यांच्याच पूर्वजांना काट्याने जेवणारा इसम हास्यास्पद वाटत होता. हा कोरयॅट पुढे पायी चालत आपल्या हिंदुस्थानात आला. १६१५ मध्ये तो अजमेरला जहांगीर बादशहाच्या छावणीत पोचला आणि १६१७ च्या डिसेंबरात सुरतेला मरण पावला. ज्या देशात राजापासून रंकापर्यंत सर्व जण हातानेच जेवत होते, त्या देशात काट्याच्या या पहिल्या इंग्रज भक्ताची माती झाली, हा इतिहासाचा एक गमतीदार योग म्हणावा लागेल.

नॉर्बर्ट एलियास या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९३९ साली एक मोठा ग्रंथ लिहून ही सारी शिष्टाचाराची पुस्तके एका ओळीत मांडली. नाझी राजवटीमुळे तो तेव्हा देशोधडीला लागलेला होता, आणि त्याच्या ग्रंथाकडे जगाचे नीट लक्ष जायला आणखी तीस वर्षे लागली. त्याने दाखवून दिले, की शतकामागून शतक माणसाला लाज आणि किळस वाटण्याच्या गोष्टी वाढत गेल्या. दरबारातली तऱ्हा मधल्या वर्गाने उचलली. मधल्या वर्गाने उचलली की दरबाराने आणखी नवी काढली. शिष्टाचार हा अशा रीतीने माणसामाणसांत अंतर राखण्याचे साधनही होऊन बसला. मला वाटते, एखाद्याच्या जेवण्याला नाक मुरडताना आपण हे लक्षात ठेवावे. आपल्या कपाळावरची आठी कानाला झालेल्या त्रासाची आहे, की ‘हा आपल्यातला नव्हे’ या भावनेची?

आपल्या मराठीने या बाबतीत मोठी समज दाखवली आहे. जेवतानाच्या प्रत्येक आवाजाला ती दोष देत नाही. कढीचा किंवा ताकाचा भुरका मारला तर वाढणारीला समाधान वाटते. श्रीखंड चाखून मिटक्या मारल्या तर ती आचाऱ्याला पावती असते. ताकभात ओरपायचाच असतो. पण ‘मचमच’ आणि ‘चपचप’ म्हटले, की तो आवाज दोषात जमा झाला. भुरक्यात पदार्थाचे कौतुक असते, मचमचीत नसते, म्हणून एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला कानपिचकी! सर्वच देशांत अशी वाटणी आहे. जपानात शेवयांचा रस्सा आवाज करीत ओढला तर कोणी वावगे मानीत नाही.

दुसरी एक गोष्ट. आपली जुनी पंगत रांगेत बसे. आपण, आपले पान आणि शेजाऱ्याची कोपरखळी! समोर दुसरी रांग असली तरी मधून वाढपी ये-जा करतील एवढे अंतर असे. टेबलाने हे अंतर काढून टाकले आणि माणसाच्या तोंडासमोर माणसाचे तोंड आणून ठेवले. शिवाय पंगतीत बोलायला वडीलधारे माणूस असे. आजी स्वयंपाकघरातून म्हणे, ‘अरे, तोंड मिटून जेव,’ आणि नातू जेवे. त्यात अपमान नव्हता, कारण त्या आजीचा तो हक्कच होता. कचेरीत असा हक्क कोणाचा? साहेबाने सांगितले तर तो हुकूम होतो. हाताखालच्याने सांगितले तर तो उद्धटपणा होतो. बरोबरीच्याने सांगितले तर हा कोण लागून गेला, असे वाटते. मुंबईत १८९० पासून डबेवाले घरचे जेवण कचेरीत पोचवीत आले आहेत. पण डब्याबरोबर आजी काही त्यांना पोचवता आली नाही.

मग होते असे, की समोर बोलता येत नाही म्हणून माणसे पाठीमागे बोलतात. आणि तोंडात काय घातले, कसे घातले ही गोष्ट एकदा चव्हाट्यावर आली की काय होते, हे पुण्याने त्याच १८९० साली पाहिले. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कप ओठाला लावला, कोणी तसाच ठेवून दिला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली. मग ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, बहिष्कार झाले, आणि रानड्यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत या प्रकरणाविषयी लिहिले आहे. तेथे प्रश्न मचमचीचा नव्हता, धर्माचा होता, हे मला मान्य आहे. पण सांगण्याच्या दोन रीती एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, म्हणून हे उदाहरण घेतले. एक रीत घोड्यावर बसून आडमार्गाला जाणाऱ्या गालातेओची. दुसरी यादी छापणाराची. पहिलीने एक माणूस सुधारला. दुसरीने सारे शहर दुभंगले.

यादी छापणारे प्रत्येक कचेरीत असतात. चाळीसएक वर्षांपूर्वी मी मुंबईच्या कोटातल्या एका कचेरीत होतो. तेथे एक वयस्क सोबती होते. सारी कचेरी त्यांना अण्णा म्हणे. हिशेबात एक पैची चूक नाही, नव्या मुलांना हाताला धरून काम शिकवणार. पण जेवताना आवाज करीत, आणि चांगलाच. थोड्याच दिवसांत त्यांच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या. एकाने त्यांची नक्कल करून दाखवली. मग एके दिवशी त्यांच्या डब्यावर ‘आवाज कमी करा’ अशी चिठ्ठी चिकटवलेली निघाली. खोली हसली. अण्णाही हसले. दुसऱ्या दिवसापासून ते आपल्याच मेजावर, पुढ्यात फाईल उभी करून, एकटे जेवू लागले.

संध्याकाळी बोरीबंदरापर्यंत आमची वाट एक होती. चार दिवस मी विचार केला. मग स्टेशन जवळ आल्यावर म्हटले, ‘अण्णा, एक बोलू का? राग मानू नका.’

‘बोला की.’

मी बोललो. ते काही पावले गप्प चालले. मग म्हणाले, ‘ठाऊक आहे हो मला. खालची कवळी सैल झाली आहे. घास धरत नाही, म्हणून आवाज होतो. मुलीचं लग्न उरकलं की नवी करायची, असं ठरवलंय.’ आणि थोड्या वेळाने म्हणाले, ‘तोंडावर कोणी काही विचारलंच नाही. मग मी तरी आपण होऊन काय सांगणार?’

ते शेवटचे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. सरदार रिच्चार्दोला आपला दोष ठाऊक नव्हता. अण्णांना तो पुरेपूर ठाऊक होता. त्यांना माहितीची गरज नव्हती. आपली बाजू सांगायला कोणीतरी तोंड उघडून द्यायला हवे होते. आपण ज्याला भिडस्तपणा म्हणतो, दुसऱ्याचे मन न दुखवणे म्हणतो, त्या मौनाने त्या गृहस्थाचे तोंडच बंद केले होते. दुसऱ्या दिवशी अण्णा डबा घेऊन पुन्हा मंडळींत आले आणि आपल्या कवळीची कथा त्यांनीच रंगवून सांगितली. आवाज त्यानंतरही वर्षभर, म्हणजे नवी कवळी बसेपर्यंत होता. पण खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत, आणि चिठ्ठी चिकटवणारा तरुण पुढे त्यांच्यासाठी घरून मऊ धिरडी आणू लागला.

तेव्हा मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे. त्रास नुसता आपल्या कानांना होत असेल, तर आपली खुर्ची थोडी सरकवावी आणि इरॅस्मसचे ऐकून ते पोटात घालावे. पण त्या सवयीपायी त्या माणसाचे काही नुकसान होत असेल, चार माणसांतली त्याची जागा जात असेल, तर सांगावे. एकदाच सांगावे, एकट्याला सांगावे, आणि सांगून झाल्यावर त्याचे उत्तर ऐकायला थांबावे. गालातेओच्या हकीकतीतही सरदाराचे उत्तर आल्यावरच गोष्ट पुरी होते. आहेर हा दिला म्हणजे झाले असे नसते. घेणाऱ्याने तो घ्यावा लागतो, आणि परत काही द्यायचे असेल तर तेही त्याला देऊ द्यावे लागते.

वाचकहो, हे लिहिताना दिवाळी तोंडावर आली आहे. आता घरोघरी फराळाची ताटे भरतील आणि जे सोबती वर्षभर शेजारच्या खुर्चीवर दिसतात, तेच आपल्या बैठकीत येऊन बसतील. त्या दिवशी मात्र कान थोडे मिटलेलेच बरे. चकली चांगली तळली गेली असेल तर तिचा आवाज होणारच, आणि तो झाला नाही तर गृहिणीचा चेहरा उतरेल. सांगायचे ते भाऊबीज उलटल्यावर, कचेरीतून परतताना, स्टेशनच्या वाटेवर सांगता येईल.